खालच्या खणातलं कार्ड

माझं अर्धं आयुष्य कम्प्युटरवरची हिरवी पट्टी भरताना बघण्यात गेलं. शेवगावच्या स्टँडसमोर माझं मोबाईलचं दुकान आहे. एवढंसं, की आत एक गिऱ्हाईक वळलं तर दुसऱ्याने बाहेर थांबायचं. दारावर पाटी अजून तीच आहे, ‘मेमरी कार्डमध्ये गाणी भरून मिळतील’. माझा मेहुणा नगरला सावेडीत राहतो. तो आला की ती पाटी मोठ्याने वाचतो आणि म्हणतो, "दाजी, आता कोण गाणी भरतंय? सगळं नेटवर असतं." त्याच्या फ्लॅटच्या गॅलरीत रेंज येते म्हणजे सगळ्या जगात येते, असं त्याला वाटतं.

कोण भरतं, ते त्याने दसऱ्यानंतर येऊन बघावं. आमच्या पूर्वेकडच्या कोरड्या गावांतून तेव्हा ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रकमध्ये भांडी, पत्रे, शेळ्या, पोरं आणि वर माणसं. पाच-सहा महिने सांगलीकडे, कोल्हापूरकडे उसाच्या फडात, राहायला पाचटाची कोपी. तिथे रेंज नसते, आणि असली तरी फोन बघायला हात मोकळा नसतो. म्हणून बटणाचा साधा फोन, त्यात कार्ड, कार्डात गाणी. फोन कमरेला फडक्यात बांधायचा आणि दिवसभर तो वाजत राहतो, खाली पडला तरी वाजत राहतो. ट्रक निघायच्या आधी मुकादम स्टँडवर तासभर थांबतो आणि त्या तासात निम्मी टोळी माझ्या दुकानात येते. सगळ्यांना कार्ड एकाच वेळी भरून हवं असतं.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी दुकानात कधी कोणाला सांगितली नाही. माझ्या टेबलाला दोन खण आहेत. नगरच्या मार्केटमधून कार्डांचा माल आणला की त्यात काही कार्डं खोटी निघतात. वर सोळा जीबी छापलेलं, आत जेमतेम चार. कम्प्युटरलाही ते सोळाच दाखवतं. पकडायचं कसं, तर स्पीडवरून. खरं कार्ड बैलासारखं एका चालीने चालतं, आठ-नऊ एमबी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. खोटं कार्ड आधी पळतं आणि आतली जागा संपली की एकदम दोनवर येतं, अडखळतं, पुन्हा उड्या मारतं. तरी भरणं थांबत नाही. मागून आलेली गाणी आधीच्यांच्या अंगावर बसतात. नावं सगळी दिसतात, आत भलतंच असतं.

अशी संशयाची कार्डं खालच्या खणात जायची. फेकून द्यायची नाहीत. शेवगावातल्या माणसाला दिलं तर तो दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन शिव्या देईल. टोळीवाला सहा महिन्यांनी येणार, आला तर. तोवर तो विसरलेला असतो किंवा कार्ड हरवलेलं असतं. ‘टोळीवाल्यांना चालतं’, हे वाक्य मला दुसऱ्या दुकानदाराने शिकवलं आणि मी ते लगेच शिकलो. मला वाईट वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर मला त्यात आपण हुशार आहोत असंच वाटायचं.

त्या वर्षी एक बाई आणि तिचा नवरा दुकानात आले. बाई तिशीची असेल. ऊस तोडणाऱ्यांच्या हातांवर असतात तसे बारीक पांढरे चरे तिच्या हातांवर होते. नवऱ्याला गाणी हवी होती, भरपूर. जुनं कार्ड दोन जीबीचं आणि भरलेलं. तो म्हणाला, "नवं मोठं द्या. आन् ह्या जुन्यात बी नवी गानी टाका, माझ्या फोनला व्हतील."

बाई मध्येच बोलली. "दादा, गान्याचं ऱ्हाऊ द्या. ह्याच्यात एक रेकार्डिंग हाय. ते नव्यात आलं पायजे. तेवढं आधी."

मी म्हणालो, "कसलं रेकॉर्डिंग?"

"आमच्या पोरीचं हाय."

मग तिने सांगितलं, उभ्या उभ्याच. मुलगी आजीजवळ गावात राहायची, शाळा बुडू नये म्हणून. आई फडात चारला उठते, भाकरी करून उजाडायच्या आत कामाला लागते, हे तिला माहीत होतं. म्हणून आदल्या साली आई निघताना तिने फोन घेतला, स्वतःचा आवाज भरला आणि तोच अलार्मला लावून दिला. "आये, ऊठ. च्यार वाजले." असं काहीतरी. म्हणजे मी इथं असले तरी तुला मीच उठवीन. त्याच हंगामात तिला ताप आला. तो डोक्यात गेला. आईबाप ट्रक पकडून येईपर्यंत उशीर झाला होता.

"आजून तीच उठवती मला," बाई म्हणाली. ती रडली नाही. नवरा बाहेर स्टँडकडे बघत उभा होता.

मी म्हणालो, "ताई, काळजी करू नका. तुमचं काम पहिलं." मागे चार जण ताटकळत होते, त्यांना मी थांबवलं. आणि मग माझा हात खालच्या खणात गेला. मुद्दाम गेला असं नाही. टोळीचं गिऱ्हाईक दिसलं की हात तिकडेच जायचा, इतकी वर्षं तो तिकडेच जात आला होता.

दोन कार्ड रीडर लावले आणि रेकॉर्डिंग सगळ्यात आधी नव्या कार्डात टाकलं. मोलाचं असेल ते आधी, गाणी मागून, हा माझा नियम होता आणि मला त्याचा अभिमान होता. नवं कार्ड तिच्या फोनमध्ये घालून वाजवून बघितलं. बारीक आवाज आला, "आये, ऊठ." मी थांबवलं. काम झालं होतं. अलार्मलाही लावून दिलं. बाईने मान हलवली. मी कार्ड पुन्हा काढून रीडरला लावलं आणि गाण्यांचं फोल्डर कॉपीला सोडलं. मग जुनं कार्ड फॉरमॅट केलं. एकेक गाणं पुसत बसण्यापेक्षा कार्डच कोरं करायचं, दोन सेकंद लागतात. गिऱ्हाइकांचं खासगी काही मी कम्प्युटरवर ठेवत नसे. लोकांच्या कार्डात काय काय असतं, ते आपल्याकडे नको, हाही माझा एक नियम. आज वाटतं, इतके नियम पाळणाऱ्या माणसाने एक मोडला असता तर बरं झालं असतं.

आता दोन्ही कार्डं भरत होती. नव्यात सात जीबी गाणी जायची होती. नऊचा स्पीड दिसत होता. बाहेर ट्रकने हॉर्न दिला. मुकादम दारात येऊन ओरडून गेला, "आवरा गं, दिवस हितंच मावळायचा का?" निम्म्याच्या वर पट्टी हिरवी झाली आणि स्पीड खाली आला. नऊवरून दोनवर. मग पाच. मग एकच्याही खाली. मग पुन्हा दोन.

मला त्याच क्षणी कळलं. त्या वेळी लक्षात आलं नाही, असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलं, पण हातच्या काकणाला आरसा कशाला? तो आकडा मी हजार वेळा बघितलेला आहे. तेव्हा मी काय केलं, तर स्वतःला म्हणालो, दोन कार्डं एकदम चालू आहेत म्हणून स्पीड पडला असेल. असं होतं कधी कधी. थांबवून ते रेकॉर्डिंग पुन्हा वाजवून बघायला एक मिनिट लागलं असतं. पण मग वरच्या खणातलं कार्ड काढावं लागलं असतं, सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं आणि चार लोकांसमोर म्हणावं लागलं असतं की हे कार्ड खोटं आहे. जुनं कार्ड तर मी कोरं करूनच बसलो होतो. हॉर्न पुन्हा वाजला. पट्टी भरली. मी कार्ड फोनमध्ये घातलं, एक गाणं लावून दाखवलं, ते मोठ्याने वाजलं, सगळे खूश झाले. ती जाताना म्हणाली, "लई उपकार झाले, दादा."

चौथ्या-पाचव्या दिवशी नवऱ्याचा फोन आला. "भाऊ, निम्मी गानी लागंनात." पाठोपाठ तिने फोन घेतला. "दादा, सकाळच्याला नुसती घंटीच वाजती. तिचा आवाज काय येईना. मी काय दाबू?"

मी म्हणालो, "फोन बंद करून चालू करा."

"केला. चारदा केला."

"मग आल्यावर बघू, ताई. काहीतरी सेटिंग हललं असेल. आत असणार ते, जातंय कुठं?"

"हाय ना आत? गेलं न्हाई ना?"

"आहे," मी म्हणालो.

खाई त्याला खवखवे म्हणतात. तो हंगामभर मला खवखवलं. दुकानात कोणाचाही अलार्म वाजला, चहावाल्याचा सुद्धा, तरी मी दचकायचो. फॉरमॅट केलेल्या कार्डातूनही काही वेळा माल परत काढता येतो, पण तिच्या नवऱ्याकडचं जुनं कार्ड मी गळ्यापर्यंत गाण्यांनी भरून दिलं होतं. तिथे काही उरलं नव्हतं. खालचा खण मी त्या दिवशी रिकामा केला असं लिहायला मला आवडलं असतं. नाही केला. पुढच्या आठवड्यात दुसरी टोळी आली, तिलाही मी त्यातलीच कार्डं दिली. कळतं पण वळत नाही म्हणतात. मला कळत होतं आणि मी वळवून घेतलं नाही.

पाडव्यानंतर उन्हं चटके देऊ लागली तशी टोळ्या परत आल्या. ती एकटीच आत आली, नवरा स्टँडवर थांबला होता. आणखी काळवंडली होती. पदराच्या गाठीतून तिने फोन काढला आणि काउंटरवर ठेवला, दोन्ही हातांनी. मी कार्ड रीडरला लावलं. नाव दिसत होतं. तारीख दिसत होती. मी वाजवलं, वाजलं नाही. मग मी उगाचच वीस मिनिटं खटपट केल्यासारखं केलं. एक सॉफ्टवेअर उघडलं, दुसरं उघडलं, कार्ड फडक्याने पुसून पुन्हा घातलं. ती स्टुलावर बसून माझ्या चेहऱ्याकडे बघत होती, स्क्रीनकडे नाही.

शेवटी मी म्हणालो, "ताई, कार्ड खराब झालंय. निघत नाही त्यातून."

तिने काउंटरवरचा फोन उचलला. मग म्हणाली, "माझंच चुकलं बगा. कमरंला बांधायची मी. फडात घाम येतो, दव आसतंय, त्यात भिजलं आसंल. हे म्हनायचे बी, कोपीत ठेव म्हनून. म्या ऐकलं न्हाई."

मला इथे बोलायचं होतं. तोंड उघडलंही होतं. घाम नाही, दव नाही, तू नाही, मी. एवढंच वाक्य होतं. ते माझ्या तोंडातून आलं नाही, आणि जे आलं ते असं होतं, "होतं असं, ताई. ओल लागली की कार्डं जातात."

तिने ते ऐकून घेतलं. जड गोष्ट डोक्यावर घ्यायची सवय असते तसं. मग फोन पदरात बांधता बांधता थांबली.

"दादा, एक इचारू? तुमी त्या दिवशी वाजवून बगितलं हुतं ना?"

"हो."

"शेवटाला ती हसली हुती का खोकली हुती? आमचे हे म्हनत्यात खोकली. तिला तवाच बरं नव्हतं म्हनत्यात, आन् आपल्याला कळलं न्हाई म्हनत्यात. रोज हेच. मी म्हनते हसली. रोज पहाटंचं अर्ध्या झोपंत ऐकायचे मी, आता माझं मलाच खरं वाटंना. आमच्या दोघांबिगर ते तुमीच ऐकलेलं हाय."

मला त्या दिवसाचं सगळं आठवतं. नऊ, मग दोन, मग पाच. कोणत्या गाण्याला पट्टी अडली तेही सांगता येईल. पण त्या मुलीचे मी दोनच शब्द ऐकले होते. "आये, ऊठ." पुढचं मी वाजूच दिलं नव्हतं.

"हसली होती," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की, ताई. चांगली हसली होती."

तिचा चेहरा सैल झाला. त्या वर्षात मी बघितलेला तो तिचा पहिला मोकळा चेहरा. "मंग माझंच खरं," ती म्हणाली. "सांगते त्यांना, दुकानवाल्या दादांनी ऐकलंय म्हनून." आणि नवऱ्याला सांगायला ती घाईघाईने स्टँडकडे गेली.