बाजरीच्या डब्यातलं

देव अंगात येणं, भुतंखेतं यावर माझा कधीच विश्वास नव्हता. आमच्या घरात लिंबू-मिरची असते ती लोणच्यासाठी. गावातला महिला बचत गट मी चालवते, लग्नकार्यात कुणाचं काय राहिलं ते लोक मला विचारतात, आणि हातात यादी असल्याशिवाय मी बाजाराला निघत नाही. त्यामुळे पुढचं वाचून ‘बाई भोळी दिसते’ असं कुणी म्हणू नये. भोळी असते तर बरं झालं असतं...

आमचं गाव घाटनांदूरजवळ. रेखा माझी धाकटी नणंद, चाळिशीला आलेली. तरुणपणी तिला कानात आवाज येऊ लागले, संसार मोडला, ती माहेरी परतली. बीडच्या मानसोपचाराच्या डॉक्टरांमुळे सावरली. रोज दोन गोळ्या — एक मुख्य आजाराची, एक झोपेची. कित्येक वर्षं. सासूबाई होत्या तोवर त्याच द्यायच्या. शेवटच्या आजारपणात त्यांनी मला जवळ बोलावलं. खोलीत आम्ही दोघीच होतो.

"मोठे, पोरीचं पोरीला देत जा. चुकू देऊ नगंस."

मी थोरली सून, म्हणून ‘मोठे’. अशी हाक मारणाऱ्या त्या एकट्याच.

गेल्या नवरात्रात रेखाला आराध बसवायचं ठरलं. म्हणजे घट बसले की बायका देवळातच मुक्काम करतात, फराळावर राहतात, रात्री जागर करतात. ठरवलं मीच. चार बायकांत मिसळली तर तिचं मन रमेल, असा माझा हिशोब. आराधिणींच्या म्होरक्या शांतामावशी म्हणाल्या, "बसव की. पर जागराला डुलक्या घेनारी नको बाई. आईम्होरं पेंगलेलं चालत न्हाई."

झोपेच्या गोळीनं रेखा संध्याकाळीच पेंगायची. मी विचार केला — आजाराची गोळी चालू ठेवू, झोपेची तेवढी नऊ दिवस बंद. झोपेचीच तर आहे! डॉक्टरांना फोन करावा असं मनात आलंही होतं. पण ते नको म्हणतील हे माहीत होतं, म्हणून केला नाही.

रेखा शेजारणीबरोबर सकाळीच पुढे गेली. मी मागून सामान घेऊन जाणार होते आणि तिची गोळी द्यायला तिथंच राहणार होते. पिशवी भरताना झोपेच्या गोळ्यांची पाकिटं बाहेर काढली. घरात दिसली तर आमचे हे विचारणार. बहिणीच्या औषधांबाबत ते फार कडक. म्हणून बाजरीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून ती तळाशी कोंबली. हे सोयाबीनच्या रानात होते. घरात मी आणि मांजर.

पहिल्या माळा बऱ्या गेल्या. मग रेखाचे हात कापायला लागले. "वैनी, लई थरथरायलेत बघा. अन् त्या भिंतीवर मुंग्या हायत का वो?"

भिंत स्वच्छ होती. "उपासानं होतं. केळं खा," मी म्हणाले. घामानं तिची पाठ भिजली होती, तेही दिसत होतं मला.

पाचव्या माळेला दुपारच्या आरतीत संबळ वाजू लागला आणि रेखा बसल्या जागी घुमायला लागली. बायकांनी हळदीकुंकवाचं ताट आणलं.

"आई आली गं! बोल माय, काय पायजे तुला?"

रेखानं मान वळवून थेट माझ्याकडे पाहिलं. आवाज तिचाच, पण संथ... घरातल्या घरात बोलावं तसा.

"मोठे, बाजरीत कशाला कोंबलंस? पोरीचं पोरीला दे."

रेखा मला कायम ‘वैनी’ म्हणते.

"बाजरी मागायली आई!" एक म्हणाली. "पोरीचं म्हंजी कुमारिका जेवू घाला म्हनायली," दुसरीनं अर्थ लावला. शांतामावशी माझ्याकडे वळल्या. "तुमच्याकडं बघून बोलली, तवा तुमच्याच घरची बाजरी लागंल. हितंच जात्यावर दळू. लावा फोन मालकाला."

‘तिची गोळी मी बंद केलीय’ — तेव्हा एवढं एकच वाक्य मी बोलायला हवं होतं. देवळातल्या सगळ्या बायकांत तिचं बोलणं कळलेली मी एकटी होते. मी फोन लावला आणि म्हणाले, "बाजरी घेऊन या. निवदाला." डब्यात आणखी काय आहे, ते सांगितलं नाही.

हे मोटारसायकलवर अख्खा डबाच घेऊन आले. "मोजत कोण बसतंय? घ्या!" शांतामावशींनी डबा सुपात उपडा केला. बाजरीबरोबर गोळ्यांची चंदेरी पाकिटं बाहेर पडली. मी झडप घालून ती मुठीत घेतली. यांनी पाहिलं. काही विचारणार, तेवढ्यात रेखा आडवी झाली. अंग ताठ, डोळे पांढरे, आणि मग झटक्यांवर झटके.

"हात लावू नगा! आईचा खेळ हाय!" संबळ वाजतच राहिला. एकीनं हुंगवायला चप्पल आणली. रेखाच्या तोंडातून लालसर फेस येत होता, साडी ओली झाली होती. देवी कुणाची साडी ओली करत नाही, एवढं मला कळत होतं.

"बाजूला व्हा!" मी ओरडले. उशीर करून.

जीपमध्ये अंबाजोगाईच्या वाटेवर माझ्या मांडीवर तिला दुसरा झटका आला. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कोणती गोळी अचानक बंद केली होती का?"

"न्हाई मॅडम, रोज देतो आमी," हे म्हणाले.

मी मूठ उघडली.

त्या म्हणाल्या, "ही एकदम तोडायची नसते. मेंदूला सवय झालेली असते. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायची. नाहीतर झटके येतात, जीवही जातो."

रेखा वाचली. पुढचा दात तुटला, खांदा निखळला होता तो बसवला. हे बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले.

नंतर मी सगळ्या शक्यता मांडून पाहिल्या. थरथर, घाम, मुंग्या — गोळी तुटल्यामुळे. भ्रमात माणूस काहीबाही बोलतो, हेही डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मान्य. पण डबा? मी पाकिटं लपवली तेव्हा रेखा देवळात होती. आणि सासूबाईंचे ते शब्द मी कुणालाही, अगदी यांनाही सांगितले नव्हते. शिवाय बायकांनी चुकीचा अर्थ लावून बाजरी मागवली नसती, तर ती पाकिटं माझ्या मुठीत आलीच नसती. डॉक्टरीणबाईंच्या नुसत्या प्रश्नावर मी तोंड उघडलं असतं का... खात्रीनं सांगता येत नाही.

आता शुक्रवारी बायका रेखाच्या पाया पडायला येतात. "ती आजारी आहे, देवी नाही," असं सांगून मी त्यांना उंबऱ्यावरूनच परत पाठवते. कशामुळे आजारी पडली, ते सांगत नाही.

परवा भाकरी थापताना तिनं विचारलं, "वैनी, मी तवा काय मागितलं वो?"

"बाजरी."

ती हसली. तुटलेला दात दिसला. "बाजरी? मला तर ती आवडत बी न्हाई!"

तिला आवडत नाही, हे मला माहीत आहे. डब्याचं तिला कसं कळलं, ते अजूनही माहीत नाही. आज संध्याकाळी गोळी देताना तिला सगळं सांगणार आहे. खरं तर तुमच्याआधी तिलाच सांगायला हवं होतं.