मॅडमना न सापडलेला महाशीर

सोनवणे मॅडमनी पहिल्या भेटीत माझा हात धरला आणि सरळ आपल्या नाकाशी नेला. जळगावच्या आमच्या कॉलेजात मी प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून नुकतीच लागले होते. "सकाळी काय खाल्लं?" मी म्हटलं, पोहे. "बरं. पाण्यावर जायच्या आदल्या दिवसापासून मासे बंद. सुकट, बोंबील, काही नाही." बाई जरा चक्रमच दिसते, असं मला वाटलं.

कारण नंतर कळलं. तापीच्या धरणामागचा, आम्ही पाणी आणायला जायचो तो भाग पक्ष्यांसाठी राखीव, तिथे जाळं टाकायला बंदी. मॅडम जाळ्याशिवाय मासे शोधायच्या. मासा फिरतो तिथे त्याच्या अंगाचा चिकटा, विष्ठा, असलं काहीबाही पाण्यात मागे राहतं. बाटलीभर पाणी गाळायचं, गाळणीचा कागद पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवायचा. डीएनए तपासून ते लोक यादी पाठवतात, कुठकुठले मासे आहेत त्याची. आता जेवणातलाच मासा बोटाला लागून बाटलीत गेला, की झाला घोळ.

मॅडम मूळच्या पारोळ्याच्या. वर्गात पुस्तकी मराठी, चिडल्या की अहिराणी. "माले कारणं नको सांगू," म्हणाल्या की आम्ही कामाला लागायचो. त्यांना ध्यास एकाच माशाचा, महाशीरचा. पूर्वी इथे मोठाले महाशीर मिळायचे, असं म्हातारे कोळी सांगत. मॅडमची सगळी नोकरी शोधण्यात गेली, पण एकही खवला हाती लागला नव्हता.

निवृत्तीच्या वर्षी यादी आली आणि तिच्यात चक्क महाशीर होता. मॅडमनी खुर्ची घट्ट धरली. "शे, महाशीर शे," म्हणजे आहे, एवढंच म्हणाल्या. मग त्यांचं बोट खाली सरकत गेलं आणि एका नावावर थांबलं. बोंबील. समुद्रातला मासा तापीत कुठून येणार? मला हसू फुटलं. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बहिणीने पारोळ्याहून बोंबलाची चटणी दिली होती. बाटल्यांच्या पिशवीत मीच ठेवली."

"मग बोंबील तेवढा काढून टाकू," मी म्हटलं. "महाशीर कुठे कुणी खाल्लाय?" कुठल्याही शहाण्या माणसाला पटेल असंच बोलले होते मी.

"बाटल्यांना एक लागलं, तर दुसरं लागलं नसेल कशावरून? आवडलं ते ठेवायचं नि नावडतं पुसायचं, असं जमाव नही. फेकी दे बठ्ठं." म्हणजे सगळी यादीच रद्द.

अहवालाची वाट पाहणाऱ्या वनखात्याच्या साहेबांना त्यांनी स्वतः फोन करून आपली चूक सांगितली. मला खरं तर त्यांचा रागच आला.

पुन्हा जाऊन पाणी आणलं. नव्या यादीत बोंबील नव्हता आणि महाशीरही नव्हता. मॅडमनी यादी परत परत वाचली, चष्मा पुसला. "भलतं वाईट वाटनं वं माले," म्हणाल्या आणि आहे तसा अहवाल पाठवून दिला.

निरोप समारंभात प्राचार्य बोलायला उठले. त्यांच्या कानावर बहुधा पहिलीच यादी गेली होती. "मॅडमनी आपल्या तापीतला हरवलेला महाशीर शोधून काढला," असं त्यांनी जाहीर केलं आणि हॉलभर टाळ्या पडल्या. मी मॅडमकडे पाहिलं. मनात म्हटलं, बाई, आज तरी गप्प बसा, कोण तपासायला येतंय. मॅडम उठल्या, माइक हातात घेतला.

"महाशीर मला सापडला नाही," त्या म्हणाल्या. "सापडावा असं फार वाटत होतं. पण नाही सापडला."

आणि जागेवर जाऊन बसल्या. टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणालाच कळेना. मी वाजवल्या.