गोरा नातू

काल माझ्या पणतवाला मांडीवर घेऊन शेजारीण म्हणाली, "किती गोरा आहे हो!" मी तिच्याकडून बाळ ओढूनच घेतलं.

त्रेसष्ट साली, इस्राएलच्या वाळवंटातल्या येरुहाम गावी, माझा दुसरा मुलगा घरीच झाला. खोलीत बाळंतशेपांचा धूर कोंडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी त्याला खिडकीशी धरलं, तर वाळवंटाच्या उन्हात तो पिवळाधमक दिसला. तिथल्या कारखान्यात आम्हा हिंदुस्थानातून आलेल्यांना काळे म्हणून हिणवायचे. "आता म्हणा म्हणावं काळे! साहेबासारखा आहे माझा नातू," असं म्हणत त्या त्याला सगळ्या शेजाऱ्यांना दाखवून आल्या.

संध्याकाळी तपासायला आलेल्या नर्सने त्याचे पिवळे डोळे पाहिले आणि धावत जाऊन गाडी आणली. बेरशेव्याच्या इस्पितळात डॉक्टरने सांगितलं, ही कावीळ आहे; माझं रक्त निगेटिव्ह, बाळाचं पॉझिटिव्ह; पोटात असतानाच माझ्या रक्ताने त्याचं रक्त नासवलं होतं. त्यांनी ते बदललं, पण फार उशीर झाला होता. तो गेला.

आता तसं होऊ नये म्हणून एक सुई असते. नातसुनेने गरोदरपणी घेतली. "दुखलंही नाही, आजी," ती हिब्रूत म्हणाली होती.

मी पणतवाला खिडकीशी नेलं, पापण्या उघडून पाहिलं. डोळे पांढरेशुभ्र होते.

"काळा आहे," मी शेजारणीला म्हटलं. "नीट बघा. काळाच आहे तो."