चेहरे कुणी काढले

साहेबांचा पहिला फोन आला तेव्हा मला वाटलं, बाथरूमच्या खिडकीचं काम असेल. पुण्यात रंगीत काचेचं काम करणारे आम्ही मोजकेच, आणि आमच्यातल्या निम्म्यांची घरं लोकांच्या बाथरूमांवर चालतात. पण ओळखीच्या एका घरात माझं काम पाहून आलेल्या साहेबांना वेगळंच काही हवं होतं. तालुक्याच्या एका गावाच्या नगरपालिकेतून मुख्याधिकारी म्हणून निवृत्त होऊन ते कर्वेनगरला बंगल्यात राहत होते. मुलीकडे स्वित्झर्लंडला गेले असताना तिथल्या एका जुन्या नगरभवनात त्यांनी काचेच्या चौकटी पाहिल्या होत्या. तीन-चारशे वर्षांपूर्वी तिथले नगराध्यक्ष, न्यायाधीश, खजिनदार आपल्या घराण्याच्या चिन्हाची अशी चौकट करवून घेत आणि एकमेकांच्या खिडक्यांना भेट देत. मधोमध ढाल, ढालीवर चिन्ह, एका बाजूला अधिकारी, दुसऱ्या बाजूला हातात पेला घेतलेली त्याची बायको, खाली नाव आणि हुद्दा.

"तशी एक मला हवी," साहेब म्हणाले. "जिन्यावरच्या खिडकीत. माझ्या कारकिर्दीची."

मी हो म्हणून टाकलं. असं काम जन्मात एकदा येतं. त्याला लागणारा हात माझ्याकडे नव्हता, काकांकडे होता.

काका म्हणजे माझे गुरू. उभी नोकरी त्यांनी खडकीच्या कारखान्यात केली. सुटीच्या दिवशी जुन्या चर्चच्या खिडक्या दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराच्या हाताखाली ते काचेवर रंगवायला शिकले. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडलं आणि जवळच दोन खोल्या घेतल्या. मागच्या खोलीत भट्टी होती. मी अकरा वर्षं त्यांच्याकडे जात होते. काच कापायला शिकले, शिशाच्या पट्ट्यांत ती बसवायला शिकले. चेहरा मात्र मला कधी जमला नाही. काचेवर तपकिरी रंगाचा पातळ थर द्यायचा, आणि तो वाळला की सुईने, काडीने खरवडून उजेडाला वाट करून द्यायची. भट्टीतून निघाल्यावर दुरुस्ती नाही. माझे चेहरे भट्टीतून आजारी होऊन निघायचे.

ठरल्या दिवशी आम्ही दोघं बंगल्यावर गेलो. ढालीवर काय घ्यायचं ते साहेबांनी आधीच ठरवलं होतं: नळाची तोटी आणि तिच्याखाली घागर. गावाला नळाचं पाणी त्यांच्या काळात आलं होतं. मला हसू आलं, ते मी गिळलं. काका मात्र गंभीरपणे म्हणाले, "चांगलं चिन्ह आहे साहेब. पाणी देण्यापेक्षा मोठं काम कुठलं?"

साहेब खूश झाले. मग त्यांनी बायकोला हाक मारली. वहिनी पदराला हात पुसत आल्या.

"तिकडच्या बायका पेला धरतात," साहेब आम्हाला म्हणाले. "हिच्या हातात चहाचा कप द्या. तेवढंच येतं तिला. आणि नाक जरा आवरा हं, नाहीतर निम्मी काच नाकातच जायची."

वहिनी हसल्या. वर्षानुवर्षं हेच हसत आल्यासारख्या हसल्या. काका हसले नाहीत. "वहिनी, इथे उजेडाला बसता का?" एवढंच म्हणून त्यांनी पेन्सिल काढली.

दोन तास ते त्यांचं रेखाटन करत होते. साहेब मधेच फोनवर बोलत बागेत गेले, तेव्हा काकांनी वहिनींना माहेरचं विचारलं. नदीच्या डोहात भावांच्या आधी आपण कशा पोहायला शिकलो ते त्या सांगायला लागल्या. बोलता बोलता मोठ्याने हसल्या आणि साहेबांची पावलं वाजताच गप्प झाल्या. काकांनी नेमका तो क्षण उचलला. ओठ मिटलेले, पण डोळ्यांतलं हसू अजून विझलेलं नाही.

चहा झाल्यावर साहेबांनी सहज विचारावं तसं काकांना विचारलं, "आपलं आडनाव राहिलंच की विचारायचं."

काकांनी आडनाव सांगितलं.

"गाव कुठलं?"

काकांनी गाव सांगितलं.

"हं. म्हणजे..."

"बौद्ध," काकाच म्हणाले. "वडिलांनी दीक्षा घेतली. मी त्यानंतर जन्मलो."

"छान, छान. आमच्या नगरपालिकेत तुमचे बरेच लोक होते. कामाला अगदी चोख." कसलं काम, ते त्यांनी सांगितलं नाही. काकांना आणि मला ते कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मला फोन आला. "बाई, एक विनंती. काच कापणं, जोडणं तुमचे ते कारागीर करू देत. चेहरे मात्र तुमच्या हातचे हवेत. खिडकीखालीच आमचं देवघर येतं. मला काही नाही हो, हिला बरं वाटणार नाही."

मी "बरं" म्हणाले. मी पेठेतल्या शिक्षकांच्या घरात वाढले. आमच्याकडे असलं काही पाळत नाहीत, असं मी कॉलेजपासून लोकांना सांगत आले होते. तरी "बरं" हा शब्द तोंडातून इतक्या सहज निघाला, की जणू तयारच होता.

काकांना मी म्हणाले, "साहेबांचं म्हणणं आहे, चेहऱ्यांना बाईचा हात हवा."

ते काच पुसत होते. "बाईचा हात," ते म्हणाले. "असं म्हणाले?"

"हो."

"मग करा."

मी दोन्ही चेहरे चारदा केले. वहिनी प्रत्येक वेळी रडून आल्यासारख्या निघाल्या, साहेबांना प्रत्येक वेळी कावीळ झाली. शेवटी चौकट बसवायचा दिवस तोंडावर आला तेव्हा मी दोन कोऱ्या काचा काकांपुढे ठेवल्या. काकांनी काचांकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. सकाळी बसले आणि जेवायच्या आत दोन्ही चेहरे भट्टीत गेले. बाहेर आले तेव्हा साहेब होते तसेच होते, ताठ मानेचे, थोडे एकटे. आणि वहिनींच्या डोळ्यांत ते हसू होतं. नाक पूर्ण होतं.

चौकट बसवायच्या दिवशी साहेबांनी शेजारपाजारचे आणि जुने सहकारी असे वीसेक लोक बोलावले होते. काका शिडीवर चढून कडांना पुट्टी भरत होते. उन्हं खिडकीवर आली, तोटीखालची घागर निळी झाली आणि लोकांच्या माना वर वळल्या.

"हे आमचे कारागीर," साहेब शिडीकडे हात करून म्हणाले. "जोडकाम यांचं. आणि चेहरे या बाईंचे. शेवटी चेहऱ्यात जीव यायला घराणं लागतं हो. ते शिकून येत नाही."

लोकांनी माझ्याकडे वळून माना डोलावल्या. तेवढ्यात जिन्याच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या वहिनी म्हणाल्या, "पण माझा चेहरा यांनी काढला होता ना? शिडीवर आहेत त्यांनी. मी दोन तास बसले होते त्यांच्यासमोर."

त्या घरात चारचौघांत त्या पहिल्यांदाच काही बोलत असाव्यात. कारण साहेब आधी चकितच झाले. मग म्हणाले, "तुला काय कळतंय त्यातलं? आत जा, चहाचं बघ." आणि हसत माझ्याकडे वळले. "काय हो बाई? तुम्हीच सांगा एकदाचं. कुणी काढले चेहरे?"

वीस माणसं माझ्याकडे बघत होती.

"मी," मी म्हणाले.

काकांनी खाली पाहिलं नाही. कोपऱ्यातली पुट्टी ते अंगठ्याने दाबत राहिले. ती केव्हाच बसली होती. वहिनी माझ्याकडे क्षणभर बघत राहिल्या आणि चहाचं बघायला आत गेल्या. बायकोला पुन्हा एकदा लोकांसमोर मूर्ख ठरवायला साहेबांना माझी मदत झाली होती.

पुढच्या आठवड्यात मी खडकीला गेले. माझी हत्यारं, माझा ॲप्रन, चहाचा माझा मग, सगळं एका खोक्यात भरून दाराशी ठेवलेलं होतं. "तुमचं सामान, ताई," काका म्हणाले. "बघून घ्या, काही राहिलंय का." मी काहीतरी बोलायला लागले, तर त्यांनी हातानेच थांबवलं. खोकं उचलून रिक्षापर्यंत मात्र आणून दिलं.

वर्षभराने साहेबांचा पुन्हा फोन आला. मुलीच्या घरासाठी तशीच चौकट हवी होती. मी बंगल्यावर गेले आणि सगळा धीर गोळा करून म्हणाले, "साहेब, मला नाही जमणार. ते चेहरे माझे नव्हते. काकांचे होते."

साहेब पेपर वाचत होते. "माहीत आहे की," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"अहो, तुमचं काम मी आधी पाहिलं नव्हतं का? तुमच्या हाताला ते येणं शक्यच नाही. चेहरे बघितले तेव्हाच कळलं." त्यांनी पान उलटलं. "तुम्ही काय सांगता ते बघायचं होतं. लोक काय सांगतात ते बघण्यात माझी सगळी नोकरी गेली."

वहिनी पाणी घेऊन आल्या. माझ्यापुढे पेला ठेवला आणि आत गेल्या. मी ते पाणी प्यायले नाही.

तिथून मी तशीच खडकीला गेले. काका काचेवर वाकलेले होते. दारातच उभी राहून मी भडाभडा सगळं सांगितलं. साहेबांना माहीत होतं हे, आणि मी आज खरं काय ते सांगून आले हेही. त्यांनी सुई खाली ठेवून शेवटपर्यंत ऐकलं.

"वीस माणसं होती तेव्हा," ते म्हणाले. "आज किती होती?"

"साहेब एकटेच."

"हं. आणि हे मला कशासाठी सांगायला आलात, ताई? मला बरं वाटावं म्हणून, की तुम्हाला?"

त्यांनी उत्तराची थोडा वेळ वाट पाहिली, खरंच पाहिली. मग चष्मा चढवला, सुई उचलली आणि म्हणाले, "जाताना दार लोटून घ्या. वाऱ्याने धूळ येते कामावर."