उजवीचा बैल

पाच वर्षं मुंबईत चित्रकला शिकून डिप्लोमा घेतला आणि घरी येऊन सांगितलं की आणखी एक वर्ष राहून भिंतीवरची चित्रं शिकायची आहेत. वडिलांनी, म्हणजे आमच्या आबांनी, वैरण टाकता टाकता विचारलं, "चित्र काढाय येतंय न्हवं? मग आनि काय शिकायचं ऱ्हायलंय?" प्रश्न रास्त होता. इस्लामपूरच्या शाळेत ड्रॉइंग मास्तराची जागा माझ्यासाठी अडून होती. शेवटी आईनं मध्ये पडून एक वर्ष मिळवून दिलं. एकच, वर एक दिवस नाही.

त्या वर्षाची परीक्षा म्हणजे एक अख्खी भिंत. आपल्या गावात, आपल्या माणसांचं काम रंगवायचं. दसऱ्याच्या सुट्टीत मुंबईचे मास्तर स्वतः येऊन बघणार आणि पास-नापास तिथंच ठरवणार. मी आमच्या गावच्या शाळेची ओसरी मागून घेतली आणि विषय घेतला पेरणी. आमचेच खिलारी बैल, आमचीच पेरायची कुरी, मागं तिच्या चाड्याच्या वाटीवर मूठ धरून बी सोडणारी आई. इस्लामपूरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी महिनाभर चुना भिजवून लोण्यासारखा केला. गिलावा ओला आहे तोवरच रंग लावायचा, म्हणजे भिंत तो पिऊन टाकते. एकदा वाळलं की मग पुसणं नाही, खोडणं नाही.

माझी रेखाटनं उजवीकडून ऊन येणारी होती आणि ओसरीत उजेड यायचा डावीकडून. मी डोकं चालवलं. कागदावरचा खाका उलटा करून भिंतीला लावला. मुंबईत आम्हांला शिकवलंच होतं की चांगलं चित्र आरशात बघितलं तरी चांगलंच दिसतं. आठ दिवसांत भिंत भरली. गाव बघायला लोटलं, म्हातारी माणसं मान डोलवायला लागली आणि मी फुगून टम्म झालो.

आबा सगळ्यांत शेवटी आले. बराच वेळ बघून म्हणाले, "लय झ्याक हाय रं. पर उजवीचा बैल डावीला जुपलायस. आनि तुजी आई डाव्या हातानं मूठ धराय लागली."

आमचा मोडक्या शिंगाचा बैल जन्मभर जोखडाच्या उजव्या बाजूला चाललेला. डावीला जुंपला तर तो पाऊल उचलायचा नाही, हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण चारचौघांत पाणउतारा झाल्यासारखं वाटलं. "मुंबईच्या मास्तरास्नी काय कळतंय त्यातलं?" मी म्हणालो.

"त्यास्नी न्हाई कळायचं. बैलाला कळंल की."

लोक हसले आणि माझं डोकं फिरलं. "आबा, तुमास्नी चित्रातलं काय कळतंय?" असं मी बोलून गेलो. आबा वळून घराकडं निघून गेले. ते वाक्य आजही आठवलं की मला स्वतःची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढीचा आरसा घेऊन ओसरीत गेलो आणि भिंतीकडे पाठ करून आरशात बघितलं. आरशात आमचं शेत होतं. भिंतीवर कुणा परक्याचं. मास्तर यायला दोन दिवस उरले होते. मी मिस्त्रींना टाकी-हातोडा आणायला सांगितला आणि बैल, कुरी, आई सगळं पाडून टाकलं. मिस्त्री हळहळले, पण दुपारपर्यंत नवा गिलावा देऊन मोकळे झाले.

आता डाव्या उजेडातले, नीट जुंपलेले बैल समोर हवे होते. ते मागायचे कुठल्या तोंडानं? रानाला नुकताच वाफसा आला होता. ना चिखल, ना कोरडं, पेरणीला नेमकी अशी ती ओल दोन-तीन दिवसच टिकते. सगळं गाव शिवारात होतं. मी पाटीवर आठवणीनं शिंगं काढत बसलो होतो, तोच समोरून घुंगरं वाजली. आबा बैल जुंपूनच घेऊन आले होते. मागं डोईवर कुरी घेतलेला आमचा गडी आणि त्याच्या मागं आई.

दोन दिवस बैल शाळेपुढं उभे राहिले. जाणाऱ्यानं विचारलं, "आवं, वाफसा निगून चाललाय, आनि बैलं हितं?" आबा म्हणाले, "पोराची परीक्षा हाय."

मास्तर कऱ्हाडहून सर्व्हिस मोटारीनं आले तेव्हा बैल झाले होते, आईचा हात झाला होता, चेहऱ्याच्या जागी मात्र पांढरा चुना. मी घडलं ते सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. "काम चांगलं आहे, पण अपुरं आहे. पास करता येणार नाही. आणखी एक वर्ष लागेल तुम्हांला."

आबांकडे बघायचं धाडस होईना.

आबा बैलांच्या मानेवरचं जू उतरवत होते. म्हणाले, "लागू द्या की. जल्माचं काम हाय, घाई कशाला?"

मी मुंबईला परत गेलो. पुढं पत्र आलं, आबांनी कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं: पेरा साधला, जोंधळा जोरात हाय, तू शीक. संक्रांतीला घरी आलो आणि रानात गेलो. शेजाऱ्यांचा जोंधळा डोक्याच्या वर गेला होता. आमचा मांडीपर्यंतही नव्हता.