विंगेतली खुर्ची

माझी मावशी आयुष्यभर कुजबुजत आली. आमच्या नाटक कंपनीत तिला सगळे कुजबुजताई म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. नटाचं वाक्य अडलं की विंगेतून त्याला पहिला शब्द पुरवायचा, हे तिचं काम. प्रॉम्प्टर. जाहिरातीत नाव नाही, शेवटी पुढे येऊन टाळ्या घेणं नाही, आणि काम चोख झालं तर ती तिथे होती हेही कुणाला कळायला नको. असल्या कामाला माणूस मिळत नाही. मावशी ते हौसेनं करायची. विचारलं तर म्हणे, "लोकांपुढे उभं राहायचं म्हटलं की माझे पाय लटपटतात. मला आपली विंग बरी." ती लोकांपुढे एकदाच आली. ते कसं, तेच सांगते आहे.

विंगेत तिची लाकडी खुर्ची होती. बसायला चपटी झालेली उशी, मांडीवर संहिता आणि हातात टॉर्च. उजेड रंगमंचावर सांडू नये म्हणून टॉर्चच्या काचेला लाल कागद चिकटवलेला. अंगात कायम तोच राखाडी स्वेटर. पायात कापडी सपाता, कारण त्या वाजत नाहीत. खिशातल्या खोकल्याच्या गोळ्या ती घरूनच कागदातून सोडवून आणायची, कारण कागद कुरकुरतो. तिची कुजबुज ज्याला द्यायची त्यालाच ऐकू जाई. शेजारी उभ्या माणसाला वाटावं, बाई नुसती श्वास घेते आहे.

तिचा एक नियम होता. द्यायचा तो पहिलाच शब्द, दुसरा नाही. नव्या नटांनी कितीही डोळे वटारले, हात चोळले, तरी नाही. मला ती सांगायची, "पहिला शब्द म्हणजे हात देणं. दुसरा दिलास की तू त्याला कडेवर घेतलंस. मग तो चालायचं विसरतो."

काका, म्हणजे मावशीचे यजमान, कंपनीचे मुख्य नट. उंचपुरे, आवाज असा की शेवटच्या रांगेतल्या माणसाला वाटावं, आपल्याच कानात बोलताहेत. घरी डोक्यावर चष्मा ठेवून तो गावभर शोधणार, पण रंगमंचावर एक स्वल्पविराम चुकणार नाही. मूल त्यांना नव्हतं. माझी आई गेल्यावर मी त्यांच्याकडेच वाढले, बहुतेक विंगेतच. पुढे नटी झाले. मावशीच्या मते वाईट नाही. याहून जास्त कौतुक ती कुणाचंच करत नसे. काकांना मात्र तिनं तळहाताच्या फोडासारखं जपलं. एवढी उजेडातली असामी आणि अशी अंधारातली बाई, यांचं जमलं कसं, असं लोक विचारायचे. मला तर ते सरळ वाटायचं. एकाला बोलायची खोड आणि दुसरीला त्याचं पुढचं वाक्य ठाऊक. संसाराला आणखी काय लागतं?

आमचं शेवटचं नाटक होतं एका म्हाताऱ्या घरमालकाचं. वरच्या खोलीतली भाडेकरीण दिवसभर बडबडते, गाते, हसते, आणि त्याला ते सहन होत नाही. शेवटी तो तिचा गळा आवळतो आणि मग प्रेताशेजारी बसून तिच्याशी जन्माच्या गप्पा मारतो. भाडेकरीण मी. प्रेताचं काम सोपं असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा नाक खाजत असताना मरून बघावं.

गळा आवळण्याची जागा आम्ही तालमीत घासून घासून बसवली होती. दिग्दर्शकानं काकांचे हात वाक्याला बांधून दिले होते. मी निपचित पडते, काका थांबतात, आणि म्हणतात, "बास. आता घरात शांतता." 'बास' म्हणताना बोटं उघडायची. शब्द आणि बोटं एकत्र. इतके दिवस ते एकत्र केल्यावर एकाशिवाय दुसरं होईना. तालमीचा उपयोगच तो. मला दुखलं तर मी काकांच्या मनगटाला चिमटा काढायचा, की ते पकड सैल करणार, हेही ठरलेलं होतं.

मेल्यावर माझं डोकं मावशीच्या खुर्चीकडे असे, त्यामुळे ते सगळ्यांत आधी मला कळलं. मेलेल्या माणसाला डोळे मिटून ऐकण्यापलीकडे काम काय? पहिल्यांदा तिनं दोन शब्द दिले तेव्हा मला वाटलं, माझ्याच कानात काही झालं. पुढच्या प्रयोगाला अर्धं वाक्य. काही दिवसांनी ती अख्खी वाक्यं देऊ लागली, एकामागून एक, आणि ती माझ्या अंगावरून जात काकांच्या तोंडून बाहेर पडत, तशीच्या तशी, पण केवढी मोठी होऊन. मी मेलेली, आणि माझ्या अंगावर काटा. प्रेताच्या अंगावर काटा दिसला तर नाटक पडायचं.

आणि लोक खूश. काका शब्दाची वाट बघत थांबायचे, ते लोकांना अभिनय वाटे. पेपरात छापून आलं की या नटाच्या शांततेत सगळं आयुष्य बोलतं. गाण्याचं बरं असतं. गवयाचा सूर चुकला की पहिल्या रांगेतलं पोरही तोंड वाकडं करतं. सिनेमात चुकलं तर कापून टाकता येतं. आमच्याकडे विसरणं आणि विसरल्याचा अभिनय करणं दिसायला सारखंच, आणि टाळ्याही सारख्याच. तेव्हापासून मला नाटकातल्या शांततेची भीतीच बसली.

मी मावशीला गाठलं. ती स्वयंपाकघरात अंडी उकडत होती.

"काकांना काय होतंय?"

"काही नाही. थकवा."

"मावशी, तू काल पानभर वाक्यं दिलीस. मी मोजत नव्हते, पण मेलेली होते, दुसरं काही करायला नव्हतं."

तिनं गॅस बारीक केला. तेवढ्यात दार वाजलं, शेजारीण कसलीशी चौकशी करायला आली. काका पुढे झाले आणि नुसते बघत राहिले. मावशी त्यांच्या मागे, खांद्याशी. मला तो श्वास ऐकू आला. "या," काका प्रसन्न हसले, "तुमच्या आईची तब्येत कशी आहे आता?" शेजारीण विरघळली. किती लक्षात ठेवता हो तुम्ही, म्हणाली. मावशी ओठ घट्ट मिटून उभी होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात. ती मूठ मी उघडी बघितली, आणि आत काही नव्हतं.

काकांना घेऊन ती डॉक्टरकडे गेली नव्हती असं नाही. गेली होती. तेही तिनं हसत हसतच सांगितलं. डॉक्टरांनी काकांना विचारलं, आज वार कोणता, महिना कोणता, सकाळी काय खाल्लंत. काका थांबले. डॉक्टर खाली मान घालून लिहीत होते. मावशी काकांच्या मागच्या खुर्चीवर होती.

"सवय गं मेली," ती म्हणाली. "तोंडातून निघूनच गेलं."

"म्हणजे तू उत्तरं दिलीस?"

"पहिला पहिला शब्दच दिला. डॉक्टर म्हणाले, या वयात अशी स्मरणशक्ती बघायला मिळत नाही."

"मग खरं सांगायचंस ना त्यांना."

"सांगणारच होते." तिचं हसणं थांबलं. "पण तुझ्या काकांनी ती उत्तरं म्हटली किती छान."

मी म्हटलं, नाटक बंद करू. माझ्या गळ्यावर तेव्हा बोटांचे वळ राहू लागले होते, आणि मी ते पावडरीखाली लपवत होते. तेही तिला दाखवले. तिनं वळांवरून हात फिरवला. म्हणाली, "नाटक आहे तोवर त्यांना रोज संध्याकाळी कुठेतरी जायचंय. ते बंद झालं की मी त्यांना कुठे नेऊ?" मग माझा चेहरा बघून म्हणाली, "हंगाम संपेपर्यंत. मी आहे ना विंगेत." त्या 'मी आहे ना'वर मी लहानाची मोठी झाले होते. अळीमिळी गुपचिळी. मी वळांवर पुन्हा पावडर लावली.

पण आता ती विंगेतच नाही, घरातही दिवसभर कुजबुजत होती. उठल्यापासून निजेपर्यंत. ही पायरी, हा सदरा, ही तुमची भाची. गळा बसला. गळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, बोलण्यापेक्षा कुजबुजण्यानंच घशावर जास्त ताण येतो, तोंडातून चकार शब्द काढू नका. तिनं ते दुखणं अंगावर काढलं. गोळ्यांनी भागेल, म्हणाली.

त्या संध्याकाळी नाट्यगृह गच्च भरलं होतं. काका पहिल्या अंकात फार छान होते, आणि मला तेच आवडलं नाही. दोन अंकांच्या मध्ये मी विंगेत डोकावले. मावशीनं अंगठा वर करून दाखवला. बोलली नाही.

शेवटच्या अंकात मी गायले, हसले, बडबडले. काका उठले, माझ्याकडे आले, आणि त्यांचे हात माझ्या गळ्याभोवती आले. मी धडपडले, गुडघ्यांवर आले, निपचित पडले. आता 'बास'. काका थांबले. मी वाट बघितली. विंगेतून श्वासाचा आवाज आला, मग कोरडी खरखर, मग तीही नाही. मी डोळे किलकिले केले. काका माझ्याकडे बघत होते, अगदी शांत, माणूस दिवा लागायची वाट बघतो तसे. बोटं जिथली तिथे. मी मनगटाला चिमटा काढला. त्यांनी मनगटाकडे बघितलं, आणि ते कुणाचं हे त्यांना कळलं नाही. मी 'बास' म्हणायला तोंड उघडलं. आवाज यायला गळा मोकळा लागतो. मी त्यांच्या हातांवर मारू लागले, पाय झाडू लागले, आणि अंधारातून कुणीतरी 'वा' म्हणालं. पलीकडच्या विंगेत पडदेवाला दोरीला हात लावून उभा होता. काकांची ती प्रसिद्ध शांतता मोडायची कुणाची हिंमत?

डोळ्यांपुढे कडांनी काळं होत आलं तेव्हा मला सपाता दिसल्या. त्यांचा आवाज झाला नाही. राखाडी स्वेटर, नाकावर घसरलेला चष्मा, पाय लटपटताहेत, आणि सगळ्या दिव्यांच्या मध्ये मावशी. तिनं काकांशेजारी बसकण मारली आणि त्यांची बोटं एकेक करून सोडवली, लहान मुलाच्या मुठीतून काही काढून घ्यावं तशी. शेवटचं बोट सुटलं तेव्हा मी हवा ओढली, आणि ती सगळ्या नाट्यगृहाला ऐकू गेली.

काका तिच्याकडे बघत होते. तिचे पांढरे केस, तो स्वेटर, तिच्या हातातले आपले हात. मग खालच्या, गोड, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणाऱ्या आवाजात त्यांनी विचारलं, "बाई, आपण कोण?"

हे वाक्य कुणी दिलं नव्हतं. मावशीचे ओठ हलले, बाहेर काही आलं नाही. ती उत्तर देत नाही म्हटल्यावर काकांनी या हंगामात रोज करत आले तेच केलं. शब्दासाठी मान विंगेकडे वळवली. आणि वाट बघत राहिले. तिथे खुर्चीवर लाल टॉर्च तेवढा जळत होता.