वॉर्डातला दारुडा

लैए नदीकाठच्या त्या आश्रमात धर्मबंधूंची मंडळी राहायची. ते पाद्री नव्हेत. चर्चमधली मिस्सा म्हणायची नाही, लोकांच्या पापांचं कुमसार ऐकायचं नाही, फक्त निराधार म्हाताऱ्यांना भरवायचं, त्यांचं हगणंमुतणं काढायचं, मेले की पुरायचं. सिदोन ऐन जवानीत मंडळीत आला तेव्हा प्रमुखांना म्हणाला, "गरिबांची सेवा करीन." पोटात वेगळंच होतं. या मुलखात ज्याला कुणी उरत नाही तो शेवटी याच दारात येतो. सिदोनला एका माणसाची वाट पाहायची होती.

त्याचा बाप जवसाच्या गिरणीत होता. यंत्रात हात गेला आणि जखम चिघळून बापही गेला. मुकादम ओदिल फान हेकेनं चौकशीत शपथेवर सांगितलं, "प्यायलेला होता." बापाला तर बियरचा वाससुद्धा सोसत नसे. भरपाई बुडालीच, पण आईला झोंबलं ते गावाचं बोलणं. बाजारात बायका म्हणत, "आली दारुड्याची बायको." तेच ऐकत ती मेली.

ओदिल आला तेव्हा सिदोनचेही केस पिकले होते. म्हाताऱ्याची डावी बाजू लुळी, लेकांनी हाकललेला. कोटावर मात्र दारूबंदी संघाचा बिल्ला. "आयुष्यात थेंब शिवलो नाही, ब्रदर," तो छाती काढून म्हणाला. त्यानं सिदोनला ओळखलं नाही.

कसं मारायचं ते सिदोनला तिथंच सुचलं.

सेवा त्यानं चोख केली. अंथरूण कोरडं, ताकातली लापशी गरम. पण ओदिलचा झोक गेला की तो सगळ्यांदेखत म्हणे, "सकाळीच लावलीत का, ओदिलबाबा?" रविवारी सगळ्यांना बियर मिळे, ओदिलपाशी आला की म्हणे, "यांना नको. यांना आवरत नाही." म्हातारे खिदळत. लुळेपणानं त्याची जीभ अडखळली तरी हसत. बोभाटा गावभर झाला.

ओदिलची मुलगी गोदेलीव्ह मनुकांचा पाव घेऊन भेटायला आली. "बाबा, या वयात लाज सोडलीत?" म्हणाली आणि पाव घेऊन तशीच माघारी गेली.

"मी प्यायलेलो नाही!" ओदिल रडत ओरडला. "शपथ घेतो!"

सिदोन त्याच्या कानाशी वाकला. "माझा बापही प्यायलेला नव्हता. तेव्हाही तू शपथच घेतली होतीस."

ओदिलनं त्याचा चेहरा निरखला. "तू कुणाचा? हात गेला त्याचा? की पट्ट्यात सापडला त्याचा? की त्या लाल केसवाल्याचा?"

 इतकी वर्षं सिदोनला वाटत होतं, हे दुःख आपल्या एकट्याच्याच घरचं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या प्रार्थनेनंतर त्यानं ओदिलला दंडाला धरून उभं केलं. "सांग. सगळ्यांची नावं घे."

ओदिलनं घेतली. "सगळे शुद्धीत होते," तो पुटपुटला. "मालकानं सांगितलं, मी बोललो." पंगतीत निम्मे म्हातारे गिरणीतलेच. त्यानंतर त्याच्याशी कुणी बोललं नाही. लाल केसवाल्याचा भाऊ तर रोज त्याच्या लापशीत थुंकायचा.

प्रमुखांनी सिदोनला बोलावलं. "तू एका रोग्याला छळलंस."

"हो."

"पश्चात्ताप होतोय?"

"नाही."

त्याला डुकरांच्या गोठ्यावर धाडलं. तो मुकाट गेला आणि तिथं त्याला छान झोप लागू लागली.

उपासकाळात ओदिल मेला. त्याला न्हाऊ घालायला या, म्हणून एक बंधू बोलवायला आला.

सिदोननं बादली उचलली. "डुकरं उपाशी आहेत," म्हणाला.